एकेरी हाक : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील अंतरंगभक्तीविषयी

आमच्या तारिहाळाहून हुबळी दूर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या चवथ्या दशकात बासेल मिशनचे लोक धारवाड-हुबळीकडे आले आणि त्यांच्या उद्योगातून या बाजूस जो ख्रिस्ती समाज उभा राहिला, त्यातील एक सेवानिवृत्त शिक्षक आमचे स्नेही आहेत. त्यांची घरची भाषा कानडी. परंतु शिक्षण बेळगावी झाल्यामुळे मराठी ग्रंथ ते सहज वाचतात. त्यांना आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावयास दिली होती. आठ-दहा दिवसांनी त्यांनी ती परत आणली. पुस्तकाची त्यांनी मनापासून स्तुती केली, आणि मग काहीशा संकोचाने विचारले, “सर, भांडणे आहेत, प्रवास आहेत, सोवळेओवळे आहे, पैशाची ओढाताण आहे. पण या बाई देवाशी बोलतात केव्हा?”

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हांला देता आले नाही. प्रश्न भाविकाचा होता. तरीही तो टीकाकाराने विचारावयास हवा होता आणि आम्ही तो कधी विचारला नव्हता, ही गोष्ट मनाला लागून राहिली. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे पाहण्याच्या आपल्या दोन ठरलेल्या रीती आहेत. एक, त्याची गणना मराठी गद्याच्या इतिहासात करावयाची : कोश, व्याकरणे, १८४२ साली निघालेला ‘ज्ञानोदय’, १८५७ सालचे ‘यमुनापर्यटन’ वगैरे. दुसरी, नारायण वामन टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणून गौरवावयाचे आणि त्यांच्या ख्रिस्तभक्तीचा उल्लेख आदराने, पण लगबगीने करून पुढे जावयाचे. या दोन्ही रीतींत एक गोष्ट निसटते. जी गोष्ट त्या लेखकांना स्वतःला पहिली आणि शेवटची वाटत होती, म्हणजे एका माणसाचा आपल्या देवाशी असलेला खाजगी संबंध, तिची वाङ्मय म्हणून तपासणी कोणी करीतच नाही. आम्ही ख्रिस्ती नाही. आमच्या घरी सायंकाळी हरिपाठ होत असे. तेव्हा दुसऱ्याच्या देवघरात डोकावण्याचा हा अधिकार आम्हांला कोणी दिला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच की, जे छापून वाचकांच्या हाती दिले गेले आहे त्याविषयी बोलण्याचा वाचकाला अधिकार आहे. जे छापले नाही त्याविषयी नाही.

आता छापलेल्या अक्षरांतून अंतरंगाचा पत्ता लागावा कसा? लेखकाची कळकळ मोजण्याचे माप टीकाकाराजवळ नसते. त्याच्याजवळ भाषा असते, आणि भाषेत अशा संबंधाचा ठाव सर्वांत खात्रीने लागतो तो संबोधनाच्या ठिकाणी. मराठीत ‘तू’ आहे, ‘तुम्ही’ आहे, ‘आपण’ही आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या घरात आईला ‘तू’ म्हणत, वडिलांना बहुधा ‘तुम्ही’. पत्नी पतीचे नावसुद्धा घेत नसे. देव मात्र ‘तू’. या व्यवस्थेत ख्रिस्ती शास्त्राने देवाला पिता म्हणून आणले. प्रार्थनेतील पिता एकेरीत संबोधावयाचा हे भाषांतरकारांनी ठरविले खरे. परंतु ज्या घरात वडील ओसरीवर येताच मुले आत पळत, त्या घरातील माणसाला ‘पित्या, तू’ असे म्हणताना जिभेला अडखळायला होत नसेल काय? पाठ केलेला ‘तू’ आणि सापडलेला ‘तू’ या दोहोंत अंतर आहे. आमच्या मते मराठी ख्रिस्ती भक्तिवाङ्मयाची सारी कथा हे अंतर तोडण्याची कथा आहे.

आणखी एक अडचण घराच्या रचनेतच होती. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्त शिष्यांना सांगतो की, प्रार्थना चवाठ्यावर करू नये. आतल्या खोलीत जावे, दार लावावे आणि जो दिसत नाही त्या पित्याशी बोलावे. आमच्याकडच्या वाड्यात एका माणसाची, दार लावून घेण्याजोगी खोली कोठे असते? देवघर सर्वांचे असते. स्नानसंध्या सर्वांच्या देखत होते. संतांनी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडविली. त्यांनी गर्दीतच एकांत साधला. अभंग हा टाळमृदंगाच्या साथीने दहाजणांनी म्हणावयाचा, परंतु त्यातील बोलणे एकट्याचे. या विलक्षण सोयीमुळे मराठी माणसाला बंद खोलीची उणीव कधी भासली नाही. जो मराठी माणूस ख्रिस्ती झाला त्याला मात्र ती भासू लागली, कारण त्याच्या नव्या गुरूने ती खोली नाव घेऊन सांगितली होती.

ही जाणीव एकाएकी आली नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. ओवीवरील त्याचा अधिकार कोणीही मान्य करील. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पुराणांच्या जागी वाचावयास काही असावे म्हणून ते रचले गेले, आणि पुराणाचा धर्मच कथन हा असल्यामुळे त्यात देव हा बहुतेक तृतीय पुरुषी राहतो. श्रोता समोर बसलेला आहे, वक्ता त्याला सांगतो आहे. यात उणेपणा नाही. एखादा समाज देवाशी बोलू लागण्यापूर्वी त्याला देवाविषयी ऐकावे लागते, इतकाच त्याचा अर्थ.

बेळगावी जन्मलेले आणि तेथेच १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदया’त पुढची पायरी दिसते. येथे बोलणारा ‘मी’ प्रथमच स्वतःच्या आतील घडामोडींचा हिशेब देऊ लागतो. कर्मठपणा, शंका, मुंबईच्या परमहंस मंडळीशी आलेला संबंध, मग निश्चय, असा तो प्रवास आहे. परंतु हा ‘मी’ वादी-प्रतिवादीच्या न्यायासनासमोर उभा आहे असे सतत वाटते. तो स्वतःला पटवितो, वाचकाला पटवितो. देवाकडे तोंड करून फारसा उभा राहत नाही. त्या काळी मराठीत धर्माविषयीचे गद्य हे वादाचेच गद्य होते, हे ध्यानात घेता बाबांना दोष देणे अन्यायाचे होईल.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण याहून खोल आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, खुद्द ख्रिस्त मिळालेला नाही. १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी हा भेद स्पष्ट सांगितला आहे. धर्म स्वीकारणे आणि देव भेटणे या दोन निराळ्या घटना असून त्यांच्यामध्ये वर्षे जाऊ शकतात, ही गोष्ट इतक्या निर्भीडपणे आपल्या प्रांतातील दुसऱ्या कोणा धर्मांतरिताने सांगितल्याचे आम्हांला आठवत नाही. त्यापूर्वी इंग्लंडातील आपल्या धर्मगुरुभगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारातही त्यांचा आग्रह हाच दिसतो की, माझ्या सदसद्विवेकबुद्धीवर कोणा मंडळीची सत्ता मी चालू देणार नाही. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एका गोष्टीचे मात्र वैषम्य वाटते. मराठी ख्रिस्ती अंतरंगाविषयीचे हे सर्वांत स्पष्ट विधान मराठीत लिहिले गेले नाही. ते इंग्रजीत लिहिले गेले. ज्या बाईने मूळ हिब्रू-ग्रीकवरून सारे बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, तिने आपली स्वतःची हाक परभाषेत नोंदवावी हा दैवदुर्विलास म्हणावा की, ज्या वाचकांना ते सांगावयाचे ते इंग्रजी वाचणारे होते एवढाच व्यवहार म्हणावा, याचा निर्णय आम्ही करू शकत नाही.

ती हाक मराठीत दिली टिळकांनी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका अपरिचित गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हा वृत्तांत सर्वश्रुत आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. या बोलण्याचा आधार घेऊन दोन तऱ्हेचे टीकाकार त्यांच्या ‘अभंगांजली’वर आक्षेप घेतात. हिंदू टीकाकार म्हणतात, ही वारकरी भक्तीच आहे, केवळ विठ्ठलाच्या जागी ख्रिस्ताचे नाव घातले आहे. कडवा ख्रिस्ती म्हणतो, हे फारच हिंदू झाले. दोघेही एकच चूक करतात. दोघेही शब्द मोजतात. तो शब्द कोणाकडे तोंड करून उच्चारला आहे ते पाहत नाहीत.

टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हटले, माउली म्हटले. ही केवळ संतांची उसनवारी नव्हे. वर सांगितलेली ‘पित्या, तू’ची अडचण येथे सुटते. ज्या एका नात्यात मराठी घराने जन्मापासून एकेरीची मुभा दिलेली होती, त्या नात्यात टिळकांनी आपला देव आणून बसविला. शास्त्रातही त्याला आधार आहे : यरुशलेमेकडे पाहून ख्रिस्त स्वतःला पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. पण टिळकांनी हे आधार शोधून केले असेल असे वाटत नाही. त्यांना बोलावयाचे होते आणि ज्या नावाने जीभ मोकळी झाली ते नाव त्यांनी घेतले. पुन्हा पाहावे की, या माउलीला पंढरी नाही, वीट नाही, आषाढी नाही. डोळ्यांसमोर मूर्ती नाही. संतांची भक्ती कितीही आंतरिक असली तरी परत येण्यास तिला एक ठिकाण होते. टिळकांच्या अभंगातील ‘तू’ला ठिकाण नाही, म्हणून सारा भार त्या एका सर्वनामावर पडतो. ज्या अभंगांत ते तो भार पेलतात, तेथे त्यांची भाषा अगदी घरगुती, जवळजवळ बोबडी होते, आणि तेथेच ते मोठे कवी आहेत.

परंतु सर्वच अभंगांत ते तो पेलत नाहीत. पुष्कळ ठिकाणी दोन-तीन चरण देवाशी बोलून झाले की ते श्रोत्यांकडे वळतात, आणि वळताक्षणी भाषा छापील होते, उपदेशक बोलू लागतो. याचा काही दोष अभंगाच्या घडणीतच आहे. आमच्याकडे कानडी मुलुखात बाराव्या शतकातील वचनांची परंपरा घरोघर जिवंत आहे. बसवण्णांचे प्रत्येक वचन कूडलसंगमदेवाच्या नावाने संपते. वचनाची मुद्रा देवाची असते, अभंगाची मुद्रा कवीची. वचनकार अखेर देवापाशी थांबतो. अभंगकार अखेर ‘म्हणे’ म्हणून मंडळींत परत येतो. तुकोबांसारख्याला हे परत येणे बाधत नाही. परंतु ज्याच्या डोक्यावर मिशनच्या कार्याची, कीर्तनांची, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाच्या संपादनाची जबाबदारी होती, त्याला मंडळींत परत येणे म्हणजे कामावर परत येणे होते.

आमचा मुख्य आक्षेप याहून निराळा आहे. तुकोबा देवाशी भांडतात. त्याला निष्ठुर म्हणतात, उधारीचा हिशेब मागतात, रुसतात. ज्या नात्यात भांडण होऊ शकत नाही ते नाते अजून पुरते जवळचे झालेले नाही, असे व्यवहारातही आपण मानतो. टिळकांच्या अभंगांत हे भांडण आम्हांला फारसे आढळले नाही. तेथे आर्तता आहे, शरण जाणे आहे, स्वतःच्या दोषांची कबुली आहे. देवाला दोष देणे नाही. ख्रिस्ती धर्मात याला मज्जाव आहे असेही नव्हे. ईयोबाचे सारे पुस्तक म्हणजे देवावर घातलेली फिर्याद आहे, स्तोत्रसंहितेत कितीतरी ठिकाणी स्तोत्रकर्ता देवाला जाब विचारतो, आणि वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या मुखीही पित्याने टाकल्याची तक्रार आहे. मग टिळकांनी ती वाट का घेतली नाही? आमचा तर्क असा की, धर्मांतरिताला ही चैन परवडत नाही. ज्याने घर, जात, आप्त सोडून नवा देव पत्करला, त्याने त्या देवाविरुद्ध जाहीर कुरकुर केली तर गावातील लोक टाळ्या पिटतील, हे भय मनात कोठेतरी असतेच. टिळक माणसांशी मात्र भांडले, आणि अंतरंगसंबंधाची किंमत त्यांनी तेथे मोजली. पहिल्यांदा जातीशी. मग, बावीस वर्षांनी, आपल्याच मंडळीच्या चौकटीशी. १९१७ साली मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताच्या शिष्यांत बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले हा भेद त्यांनी ठेवला नाही. म्हणजे ज्या विधीसाठी त्यांनी घर मोडून घेतले होते तो विधीही, संबंध खरा असेल तर, त्यांनी दारापाशी आडवा घातला नाही. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. तो दरबार त्यांच्यामागे फार काळ चालला नाही. रमाबाईंनी पत्रांतून जे मागितले होते, ते एका मराठी माणसाने आपल्या घरी चालवून पाहिले, एवढे मात्र त्यात झाले.

आता लक्ष्मीबाई. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंचे गद्य आज मराठी गद्याचा मानदंड ठरले आहे. आमच्या स्नेह्यांचे निरीक्षण खरे आहे. या पुस्तकात बाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेची चित्रे फार थोडी आहेत. देवाचे वर्णन तर नाहीच. मात्र आम्ही ज्या भांडणाची उणीव ‘अभंगांजली’त दाखविली, ते सारे भांडण येथे आहे, आणि ते पतीशी आहे. १८९५ साली पतीच्या बाप्तिस्म्याची वार्ता आल्यानंतर पाचेक वर्षे त्यांनी बव्हंशी त्याच्यावाचून काढली. त्यात पंढरपूरचाही मुक्काम झाला. ज्या देवाने आपला नवरा नेला त्या देवाविषयी त्या बाईचा राग किती असेल! पण पुस्तकात त्या देवाला नावे ठेवीत नाहीत, टिळकांना ठेवतात. त्यांच्या विसरभोळेपणाला, उधळेपणाला, तापटपणाला. आणि पतीचा उल्लेख त्या कसा करतात? ‘हे’ नाही, ‘आमचे यजमान’ नाही, सरळ ‘टिळक’. पतीचे नाव न घेणाऱ्या समाजातील बाईने हे एक आडनाव असे काही वापरले आहे की, त्यात राग, थट्टा, अभिमान आणि माया ही एकाच अक्षरांत मावतात. संबोधनाकडे पाहा असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

पुस्तकातील ज्या एका स्थळी बाईंचे अंतरंग उघडे पडते ते स्थळ प्रार्थनेचे नाही; विचाराचे आहे. सोवळे पाळणाऱ्या, परजातीच्या हातच्या पाण्याने कासावीस होणाऱ्या या बाई एके दिवशी आपल्याशीच प्रश्न करतात की, जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांतल्याप्रमाणे तो भेद त्याने देहावरच ठेवला असता. माणसाने केल्या असतील तर त्या पाळण्याचे मला कारण काय? आणि तेथून पुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपली हरकत नाही असे त्या ठरवून टाकतात. हे सारे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचे आहे. कोणी उपदेशक समोर नाही. टिळक हे घडावे म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहत होते, पण त्यांनी ते घडविले नाही. हा प्रश्न बाईंनी कोणाला विचारला? स्वतःला, असे त्या लिहितात. आम्हांला वाटते, मत्तयाने सांगितलेली ती आतली खोली हीच. तिचे दार लागल्याचा आवाजदेखील ऐकू येत नाही, इतक्या हलक्या हाताने बाईंनी ते लावून घेतले आहे. आपण प्रार्थना करीत आहोत हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावे. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो यानंतर, आणि रमाबाईंच्या बाबतीत जो क्रम होता त्याच्या नेमका उलट क्रमाने : आधी भेट, मग धर्म.

याला आमचे स्नेही हरकत घेतील हे उघड आहे. जातिभेद खोटा ठरला म्हणजे देव भेटला असे नव्हे, असे ते म्हणतील. सुधारकांपैकी कितीकांनी जात सोडली आणि देवही सोडला. हरकत रास्त आहे. परंतु बाईंच्या प्रश्नाचा पहिला शब्द पाहावा. समाजाला हितकर काय, हा त्यांचा प्रश्न नाही. देवाने काय केले, हा आहे. देवाचे करणे आणि माणसाचे करणे वेगळे काढून पाहण्याची ही सवय पुढे सबंध पुस्तकभर त्यांच्या लेखणीला आहे, आणि त्यांचा विनोददेखील त्या सवयीतूनच निघतो. माणसाने केलेल्या गोष्टींना त्या हसतात. ज्याला हसावयाचे नाही ते त्या फक्त उल्लेखून सोडून देतात.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. आरंभीचे दहा-अकरा अध्याय त्यांचे. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचून तो ग्रंथ तडीस नेला. काव्य म्हणून त्याची योग्यता ‘अभंगांजली’च्या खालची आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, तेथे पुन्हा पुराणाचे कथन आले, देव पुन्हा तृतीय पुरुषी झाला. तरीही पतीच्या मृत्यूनंतर त्याच्या देवाची कथा त्याच्याच छंदात पुढे लिहीत बसलेल्या त्या वृद्ध स्त्रीचे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्या देवापायी संसार मोडला, त्याचे चरित्र ती ओवीमागून ओवी पुरे करीत होती.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. त्या निवडीला विरोध झाला तेव्हा त्यांच्या धर्माविषयी जितके बोलले गेले, तितके त्यांच्या मराठीविषयी बोलले गेले नाही. ‘सुबोध बायबल’ लिहिणाऱ्या या धर्मगुरूने २०२४ साली देह ठेवला. त्यांच्या बायबलातील देव कोणत्या मराठीत बोलतो आणि त्याच्याशी कोणत्या मराठीत बोलता येते, ही चर्चा व्हावयाची ती अद्याप राहिलीच आहे.

गेल्या महिन्यात आम्ही हे विचार आमच्या स्नेह्यांच्या कानावर घातले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. अभंगांविषयी आम्ही म्हणतो ते त्यांना पटले नाही. देवाशी भांडावयाचे तर ते दार लावूनच भांडावे, छापू कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले. मग जातीविषयीचे ते स्थळ कोणत्या भागात आहे असे त्यांनी विचारले आणि ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा घरी नेली. ती अद्याप त्यांच्याकडेच आहेत.